चटई क्षेत्राबाहेरचा शरद : सदनिकाधारकांसाठी मार्गदर्शन

१. व्याख्या आणि व्याप्ती

शरद हा सहा ऋतूंमधला चौथा. पंचांगाने त्याला आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने नेमून दिले आहेत. रत्नागिरी शहरात मात्र तो कधी रुजू होणार हे परतीच्या पावसाच्या मर्जीवर ठरते. हस्ताचा गडगडाट ओसरून चित्रा नक्षत्र लागते तेव्हा, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो येतो, आणि तुळशीची लग्ने उरकली की जातो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस रिचवणाऱ्या गावात या ऋतूचे मोल वेगळे सांगायला नको. आशीर्वाद शंभर शरदांचा देतात, शंभर पावसाळ्यांचा कोणी देत नाही. पावसाळ्यांत फक्त अनुभव मोजतात, आणि तोही समोरच्याला गप्प करायचे असेल तेव्हाच.

प्रस्तुत मार्गदर्शन मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे रस्ता, गोखले नाका व तत्सम भागांतल्या इमारतींत वन किंवा टू बीएचकेमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना अंगण, परडे आणि विहीर आहे त्यांना शरदासाठी मार्गदर्शन लागत नाही. त्यांना कामाला गडी लागतो आणि तो मिळत नाही; पण तो विषय वेगळा.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केलेला बरा. शाळेच्या शब्दकोशात शरद म्हणजे 'ऑटम' असे दिलेले असते. त्यामुळे काही रहिवासी ऑक्टोबरभर खिडकीत बसून पाने गळण्याची वाट पाहतात. कोकणात पाने गळतात ती शिशिरात. शरदात गळते ती फक्त गच्ची, आणि तीही मागच्या चार महिन्यांची सवय म्हणून.

२. लक्षणे

कालिदासाने 'ऋतुसंहारा'चा तिसरा सर्ग शरदाला दिला आहे. त्यात काशाचे तुरे, हंस, सप्तपर्णाचा बहर, निवळलेले पाणी आणि ओणवी झालेली साळ अशी लक्षणे येतात. चौथ्या मजल्यावरच्या हॉलमधून यांपैकी एकच तपासता येते: आवारात कोणी हौसेने सप्तपर्ण, म्हणजे सातवीण लावलेली असेल तर तिचा उग्र वास संध्याकाळनंतर घरात शिरतो. कालिदासाला तो आवडत असे. सोसायटीच्या सभेत त्याविरुद्ध तोंडी तक्रार येते.

म्हणून सदनिकाधारकाने पुढील लक्षणे प्रमाण मानावीत.

टॉवेल: सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी खरोखर वाळलेला असतो आणि त्याला कुबट वास येत नाही.

मीठ: डब्यातले मीठ ढेकळ सोडून पुन्हा मोकळे होते.

दरवाजा: जूनपासून फुगून बसलेला बेडरूमचा दरवाजा खांदा न लावता बंद होतो. ज्या घरात या दरवाजामुळे चार महिने भांडणे टळली असतील तिथे हे लक्षण मिश्र स्वरूपाचे मानावे.

चतुर: दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत चतुरांचे थवे घिरट्या घालतात. त्यांतली एक पिवळसर जात समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जाणारी आहे. एवढा लांबचा प्रवासी पार्किंगमधल्या नुकत्याच धुतलेल्या गाडीच्या टपाला पाणी समजून त्यावर अंडी घालू पाहतो. गाडी धुणाऱ्याने हा आपल्या कामाचा गौरव समजावा.

उकाडा: ढग हटलेले, जमीन अजून ओली आणि हवेत दमटपणा, अशात ऊन पडले की तापमापक बत्तीस-तेहतीसच्या पुढे फारसा सरकत नाही, तरी अंगाची काहिली होते. यालाच ऑक्टोबर हीट म्हणतात. शरदाचा आस्वाद घेताना घाम येणे हे आस्वाद बरोबर चालल्याचे चिन्ह आहे.

३. जागेचा विचार

२०१६च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या करताना बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची वगळली आहे. शरद नेमका या वगळलेल्या जागेतच येतो. पुढे जिना, पार्किंग आणि रस्ता इथेही तो आढळतो, पण ज्या जागेचे प्रति चौरस फूट पैसे मोजलेले असतात तिथे सहसा येत नाही. या मार्गदर्शनातले सर्व विधी म्हणूनच चटई क्षेत्राच्या बाहेर करायचे आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांसाठी कोणाची तरी परवानगी लागते.

दिशांचा विचार असा. पावसाळ्याच्या सुरुवातीला मध्यान्हीचा सूर्य रत्नागिरीच्या उत्तरेला असतो. ऑगस्टनंतर तो दक्षिणेकडे कलत जातो. वास्तुशास्त्राच्या भीतीने ज्या दक्षिणमुखी फ्लॅटला गिऱ्हाईक मिळत नव्हते आणि जो अखेर भाव पाडून घेतला गेला, त्याच्या बाल्कनीत शरदाचे सर्वांत जास्त ऊन येते. पापड, सांडगे आणि उशा यांना वास्तुशास्त्र माहीत नसते. पश्चिमेच्या फ्लॅटला सूर्यास्त मिळतो. ऑक्टोबरच्या मध्यावर तो सव्वासहाच्या सुमारास होतो, मात्र समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे होत असल्याने प्रत्यक्षात पावणेसहालाच आटोपतो.

वाऱ्यांची माहिती शालेय भूगोलात आहेच. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई वारे. पावसाळाभर नैऋत्येचा एकच दांडगा वारा चालतो, त्याच्यापुढे या दोघांना कोणी विचारत नाही. तो गेला की यांची पाळी पुन्हा सुरू होते. दुपारी पश्चिमेची खिडकी उघडावी, रात्री पूर्वेची. ज्या फ्लॅटला एकाच बाजूला खिडक्या असतील त्याने दुसऱ्या वाऱ्यासाठी मुख्य दरवाजा उघडावा; त्यातून वाऱ्याबरोबर समोरच्या फ्लॅटमधली मालिका आणि फोडणीचा वासही येतो.

४. पूर्वतयारी

गावच्या घरी शरदाची तयारी ठरलेली असते. पडवीची झापे उतरवतात, पावसाने धुपलेले खळे उकरून, पाणी मारून, चोपण्याने चोपतात आणि शेणाने सारवतात. फ्लॅटमध्ये याला समांतर विधी दोन.

पहिला, बाल्कनीचे प्लॅस्टिक सोडणे. मे महिन्याच्या अखेरीस झडीपासून बचाव म्हणून बाल्कनीला निळे प्लॅस्टिक बांधलेले असते. त्याच्या नायलॉनच्या दोरीची गाठ ज्याने मारली त्यालाच ती सुटते, आणि तो त्या वेळी हटकून पुण्याला गेलेला असतो. गाठ कापू नये. दोरी पुढच्या वर्षी आखूड पडते. प्लॅस्टिक सोडताना त्याच्या घड्यांत साठलेले पाणी खालच्या मजल्यावर पडणार, हे गृहीत धरून वेळ निवडावी. पहाटेची उत्तम.

दुसरा, खळ्याचा. सोसायटीचे खळे म्हणजे पार्किंग. तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेले असल्याने चोपायला वाव नाही. चोपण्याची फारच ऊर्मी आली तर गाद्या गच्चीवर नेऊन चोपाव्यात. ब्लॉकच्या फटींतले शेवाळ खरवडावे, बादलीभर पाणी मारावे आणि कमरेवर हात ठेवून काही वेळ बघत उभे राहावे. गावाकडे खळे झाल्यावर घरातला वडीलधारा माणूस असाच उभा राहतो आणि त्याशिवाय काम पुरे झाले असे कोणी मानत नाही.

यानंतर घरातल्या वस्तूंना ऊन दाखवावे. क्रम असा: बुरा आलेल्या चपला आणि चामड्याचे पट्टे; मग बॅगा; मग गाद्या, उशा, गोधड्या; मग तांदूळ आणि कडधान्ये; शेवटी कपाटातल्या ठेवणीतल्या साड्या, त्याही सावलीत. गच्चीवरची दोरी सामाईक असते, पण दोरीवरचा हक्क वहिवाटीने ठरतो. तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब गेली दहा वर्षे पूर्वेकडच्या टोकाला चादरी घालत असेल तर ते टोक त्यांचे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० दोरीबाबत मौन पाळतो.

५. आहार-विहार

शरदाला वैद्यांची आई म्हणण्याची जुनी रीत आहे, कारण या ऋतूत पित्त खवळते आणि वैद्यांचे पोट भरते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सहाव्या अध्यायात या ऋतूची पथ्ये दिली आहेत. ऊन, तेल, दव, पाण्यातल्या प्राण्यांचे मांस, दही, दिवसाची झोप आणि पूर्वेचा वारा वर्ज्य करावा, असे तिथे सांगितले आहे. ही यादी रत्नागिरीचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून केली असावी असे वाटण्याइतकी नेमकी आहे.

मासळीचा प्रश्न सर्वांत बिकट. जून-जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. नंतर समुद्र शांत होत जातो, तशी मिरकरवाड्याच्या जेटीवर आवक वाढते, आणि शरद उजाडतो तेव्हा बांगडा भरभरून आलेला असतो. नेमके तेव्हाच चरकाचार्य मासे सोडायला सांगतात. यावर सर्वमान्य तोडगा असा: बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे घालावीत आणि वर सोलकढी प्यावी. पित्त वाढवणारे आणि शमवणारे एकाच ताटात आले की हिशेब फिटला असे समजावे. वैद्याला विचारू नये. दुपारच्या झोपेबाबत एवढेच, की तिला झोप न म्हणता 'जरा आडवे होणे' म्हणावे. आडवे होण्याला ग्रंथात निषेध आढळत नाही. पूर्वेचा वारा म्हणजे रात्रीचा मतलई वारा. तो निषिद्धही आहे आणि सुखदही, म्हणून पूर्वेची खिडकी अर्धी उघडावी.

विरेचन आणि रक्तमोक्षण हे शरदातले शास्त्रोक्त उपचार. पैकी रक्तमोक्षणाची सोय परतीच्या पावसानंतर साचलेल्या डबक्यांतून आलेले डास घरपोच करतात. ती सोय नाकारावी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या कराव्यात.

पाण्याविषयी मात्र फ्लॅटधारक भाग्यवान आहे. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्तीच्या उदयाने निर्विष झालेले पाणी आयुर्वेदात हंसोदक म्हणून वाखाणले आहे. ते पिण्याला, न्हाण्याला, डुंबण्याला सारखेच उत्तम. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर उन्हात आणि रात्रभर चांदण्यात असते. राहता राहिला अगस्ती. ऑक्टोबरच्या मध्यावर तो मध्यरात्रीनंतर तासाभराने आग्नेयेला उगवतो आणि टाकी तिथेच असते. दुपारी दोनला नळातून येणारे कढत पाणी हे हंसोदकच, फक्त चंद्राचे काम व्हायचे राहिलेले.

६. कोजागरी

आश्विन पौर्णिमा हा शरदातला मुख्य दिवस. लक्ष्मी मध्यरात्री 'कोण जागे आहे?' असे विचारत फिरते, म्हणून जागायचे आणि चांदण्यात आटवलेले दूध प्यायचे. फ्लॅटमध्ये हा विधी करताना खगोलशास्त्राची अडचण येते. ती नीट समजून घेतली पाहिजे.

पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि मध्यरात्री डोक्यावर येतो. कोजागरीच्या मध्यरात्री रत्नागिरीच्या अक्षांशावर तो माथ्यापासून वीस अंशांच्या आतच असतो. बाल्कनीवर मात्र वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब असतो. म्हणजे ज्या घटकेला दुधात चंद्र दिसायला हवा, त्याच घटकेला तो कुठल्याही बाल्कनीतून दिसू शकत नाही. दिसावा म्हणून कठड्यावरून कमरेपर्यंत बाहेर झुकणाऱ्याची चौकशी लक्ष्मीच्या आधी शेजारी करतात. गच्ची हाच एकमेव उपाय.

गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते. ती आदल्या दिवशी मागावी. आयत्या वेळी मागितल्यास 'मागच्या वर्षी गच्चीवर दूध सांडले होते' हा विषय निघतो आणि तो तासभर चालतो. किल्ली मिळाली की पुढचा क्रम ठरलेला: वर्गणी, दूध, वेलदोडे, केशर, चारोळी, मोठे पातेले, आणि ते पातेले लिफ्टमधून नेऊ नये असे सांगणारे एक ज्येष्ठ सभासद. दूध आटेपर्यंत हाउजी खेळतात. दूध प्यायच्या आधी गच्चीवरचा दिवा मालवावा. हे कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि सगळ्यांच्या पेल्यांत चंद्राऐवजी एलईडी बल्ब दिसतो.

हीच नवान्न पौर्णिमा. गावाकडे या दिवशी भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने, झेंडू, कुरडू यांची जुडी करून दाराला बांधतात. तिला 'नवे' म्हणतात. फ्लॅटला लाकडी दार आणि त्यापुढे जाळीचे सेफ्टी डोअर अशी दोन दारे असतात. नवे कोणत्या दाराला बांधावे याबद्दल परंपरेत मार्गदर्शन नाही, कारण परंपरेत चोर पुढच्या दाराने येत नसत. बाहेरच्या जाळीला बांधल्यास चिमण्या लोंब्या खातात. तसे व्हावे यासाठीच बाहेर बांधावे.

या पौर्णिमेच्या संदर्भात शहरातल्या एका जुन्या रहिवाशाची आठवण ठेवावी. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. १९१०च्या सुमारास त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६मध्ये तो इथेच वारला. ब्रह्मदेशात वर्षावास संपताना थडिंज्युट नावाचा दिव्यांचा सण असतो, आणि तो बहुधा याच पौर्णिमेला येतो. दुसऱ्याने नेमून दिलेल्या जागेतून ऋतू पाहणाऱ्याचे याहून मोठे स्थानिक उदाहरण नाही. त्याला गाव सोडायला परवानगी लागे. सदनिकाधारकाला गच्चीवर जायला लागते.

७. रंगीत पाने

ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सी आणि टोरांटो इथे स्थायिक झालेली मुले कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेपलच्या लाल-केशरी पानांचे फोटो टाकतात. रत्नागिरीकर पालकांनी त्यावर अंगठा दाखवून स्वस्थ बसू नये. याच सुमारास हापूसच्या झाडांना नवी पालवी फुटते. ती कोवळी पाने हिरवी नसतात. तांबूस, जांभळट, कुठे शेंदरी असतात. मेपलच्या पानातले हरितद्रव्य ओसरले की त्यात अँथोसायनिन नावाचे लाल रंगद्रव्य दिसू लागते. आंब्याच्या कोवळ्या पानातही तेच असते, फक्त तिथे हरितद्रव्य अजून यायचे असते. तिकडचे पान निघताना लाल होते, इकडचे आल्या आल्या. कुवारबाव किंवा खेडशीकडे जाताना एखाद्या बागेच्या गडग्यापाशी थांबून असा फोटो काढावा आणि ग्रुपवर टाकावा.

एक खबरदारी. पालवी पाहून बागायतदारासमोर आनंद व्यक्त करू नये. या दिवसांत पालवी जोरात आली की मोहोर लांबतो, मोहोर लांबला की आंबा उशिरा, आणि आंबा उशिरा म्हणजे भाव पडलेला. सदनिकाधारक ज्याला शरदाची शोभा म्हणतो, ती बागायतदाराला हप्ता चुकल्यासारखी दिसते.

८. बाहेर पडणे

आठवड्यातून एक संध्याकाळ इमारतीच्या बाहेर काढावी. चंपक मैदानाच्या सड्यावर पावसाळी रानफुले संपून गवत सोनेरी झालेले असते. काजळी नदीच्या काठाने सोमेश्वर, पोमेंडी, हरचेरीकडे भातकापणी चालू असते. तिथे गाडी थांबवून कापणाऱ्यांना 'किती छान' असे म्हणू नये. वाकून काम करणाऱ्याला छानपणा दिसत नाही. विळा मागून दोन मुठी कापून पाहाव्यात, नंतर चार दिवस कंबर शरदाची आठवण देत राहते. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी समुद्राला मिळताना दिसते. अंधारल्यावर क्षितिजावर जे दिवे ओळीने लागतात ते तारे नव्हेत, बोटी. नोव्हेंबरमध्ये भाट्ये आणि मांडवीच्या किनाऱ्यावर उत्तरेकडून कुरव पक्षी येतात. त्यांना शेव-कुरमुरे घालू नयेत. ते इतक्या लांबून मासे खायला आलेले असतात आणि चरक त्यांना लागू नाही.

९. दिवाळी आणि समाप्ती

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. गावात ते कुंपणावर मिळते, शहरात बाजारात विकत. फ्लॅटची तुळस बाल्कनीतल्या कुंडीत आणि खाली गुळगुळीत टाइल्स. गोल, ओले कारीट टाइलवर अंगठ्याखाली फुटत नाही, निसटते, आणि नरकासुराऐवजी यजमान आडवा होतो. खाली गोणपाट घ्यावे. फोडल्यावर बी जिभेला लावून तोंड कडू करावे आणि मग पोहे खावेत. नव्या भाताचे पोहे, नारळ आणि गूळ हे एकत्र आले म्हणजे शरद पोटात गेला, एवढे निश्चित.

आकाशकंदील बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूला टांगावा. आत टांगल्यास तो पंख्याला लागतो. कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही तुळशीचे लग्न लावावे. लग्नाला लागणारे ऊस, आवळे आणि चिंचा बाजारात मिळतात. अक्षता टाकायला शेजारी लागतात. हा या ऋतूतला एकमेव विधी असा, की ज्यासाठी लोक बाल्कनीत मावत नाहीत आणि निम्मे वऱ्हाड चटई क्षेत्रात उभे राहते.

त्यानंतर पहाटे पंखा एक नंबरवर येतो आणि कोणीतरी चादर मागते, हेमंत लागला. बाल्कनीचे प्लॅस्टिक धुऊन, वाळवून, घडी घालून माळ्यावर टाकावे आणि दोरी त्याच घडीत ठेवावी. गच्चीची किल्ली सेक्रेटरीला परत करावी, आणि ती परत केल्याचे जिन्यात दोघा-तिघांच्या कानावर घालावे.